शुक्रवारची मिस्सा ते कॅम्पसवरची चॅपलन्सी

तुम्ही मस्कतजवळच्या अल हैलमध्ये, एखाद्या वसईकर कॅथलिक घरात वाढला असाल, तर मिस्सा म्हटलं की शुक्रवारच आठवणार. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची मिस्साही शुक्रवारीच. हायवेने विमानतळ ओलांडून घाला भागातल्या चर्चच्या आवारात जायचं. एकाच दिवशी अनेक भाषांतल्या मिस्सा, शिवाय मुलांचे कॅटेकिझमचे वर्ग. मग बारावी होते, तुम्ही मँचेस्टर किंवा टोरांटोला जाता आणि विद्यापीठाच्या नकाशावर एक नवा शब्द दिसतो: चॅपलन्सी. ही जागा नेमकी कोणाची? फादरची की विद्यार्थ्यांची?

ती चर्चने वरून दिलेली सोय, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. कॅथलिक मुलांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजला जाण्यावरचं बंधन रोमने १८९५मध्ये उठवलं, पण त्यांच्यासाठी धर्मगुरू नेमायच्या अटीवर. पोरं बिघडतील, ही भीती त्यामागे होती. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९३मध्ये, फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच ‘न्यूमन क्लब’ काढला होता. अमेरिकेतली आजची न्यूमन सेंटर्स त्याच परंपरेतली.

भारतातही असंच घडलं. १९२४मध्ये तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ्स कॉलेजात फादर कार्टी या जेझुइटांनी सुरू केलेल्या कामातून ‘आयकफ’, म्हणजे अखिल भारतीय कॅथलिक विद्यापीठ महासंघ, उभा राहिला. सुरुवात फादरने केली, दिशा मात्र पुढे बदलली. १९७०च्या पूनामल्ली जाहीरनाम्यात या संघटनेने सांगितलं की नुसती भक्ती पुरेशी नाही, समाजातल्या अन्यायाशी झगडणं हेही आपलंच काम आहे.

आता पुन्हा ओमानकडे बघू. तिथे मुस्लिमेतरांची सामूहिक उपासना सरकारने मान्य केलेल्या जागांतच होते. सुलतान काबूस यांनी दिलेल्या जमिनीवर रुवीचं चर्च १९७७मध्ये आणि घालाचं १९८७मध्ये उभं राहिलं. त्यामुळे तरुणांचं सगळं चर्चजीवन कॅम्पसवर नाही, तर या आवारांत घडतं. माणसं हजारो, फादर मोजके. मग वर्ग कोण घेणार, गाणी कोण बसवणार? नोकरी सांभाळून येणारे लोक, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली तुमच्यासारखी मुलं.

म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या पोरांनी जे स्वतःहून उभं केलं, त्याची सवय तुम्हाला आधीपासूनच आहे. तरीही परदेशातल्या चॅपलन्सीत गेल्यावर आपण पाहुण्यासारखे मागच्या बाकावर बसतो आणि चहा पिऊन निघतो.

एक अडचण मात्र खरी आहे. विद्यार्थी तीन-चार वर्षांत बदलतात, चॅपलन राहतो. म्हणून आठवणही त्याच्याकडे राहते आणि निर्णयही. मस्कतमध्येही लोक व्हिसा संपला की जातात, पण जाण्याआधी काम दुसऱ्याच्या हाती सोपवतात, म्हणून ते चालू राहतं. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझं सांगणं एवढंच: काय केलं, का केलं, ते लिहून ठेवा. जे तुम्ही नोंदवत नाही, ते उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर जमा होतं.

अल हैलच्या शुक्रवारापासून सुरुवात करा. तुमच्या वर्गाला कोण शिकवायचं, आठवतंय का?