बाद झालेला गडी पुन्हा जिवंत केव्हा होतो? कबड्डीच्या एका नियमाची कथा

१/ मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूने पुन्हा खेळात केव्हा यावे, हा पंचांची परीक्षा पाहणारा प्रश्न आहे. रग्बीत पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू १० मिनिटे बाहेर बसतो आणि पंचांच्या अनुमतीनेच परततो. महाराष्ट्राने या प्रश्नाचा विचार केला तो हुतूतूच्या, म्हणजेच कबड्डीच्या अंगणात.

२/ या खेळाच्या तीन जुन्या पद्धती होत्या. ‘अमर’ पद्धतीत बाद गडी बाहेर जातच नसे. प्रतिपक्षाला केवळ गुण मिळे. ‘गामिनी’त बाहेर गेलेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. ‘संजीवनी’त मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी ‘जिवंत’ होई. दैत्यांना पुन्हा उठवणाऱ्या शुक्राचार्यांच्या विद्येचेच हे नाव.

३/ गावातल्या गावात खेळताना यातली कोणतीही पद्धत चाले. परंतु जळगाव-धुळ्याचा संघ ‘अमर’ खेळणारा आणि साताऱ्याचा ‘संजीवनी’ खेळणारा असेल, तर त्यांचा सामना व्हावा कसा? गुणांची मोजणी, सामन्याचा अवधी, अंगणातील गड्यांची संख्या, सारेच निराळे. स्पर्धा भरवायच्या, तर एक लेखी नियमावली अपरिहार्य होती.

४/ १९२० च्या आगेमागे महाराष्ट्रात नियम एकत्र करण्याचे प्रयत्न झाले. १९२३ साली बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा भरली, ती सुधारित नियमांनुसार. पुढे रूढ झालेल्या खेळाचा गाभा ‘संजीवनी’चा राहिला.

५/ या निवडीने खेळाचे रूपच ठरवले. ‘गामिनी’त आरंभी बाद झालेल्या गड्याचा खेळ जवळजवळ संपत असे, ‘अमर’मध्ये बाद होण्याची खरी झळ बसत नसे. ‘संजीवनी’त बाद होण्याला किंमत आहे आणि परतीची आशाही. दोन गडी उरलेला संघ एका चढाईत पुन्हा उभा राहतो, तो यामुळेच.

६/ परतीला शिस्तही आहे. जो आधी बाद झाला, तोच आधी जिवंत होतो. उत्तम चढाईपटूला रांग मोडून आत घेता येत नाही. बोनस गुणाने कोणीही जिवंत होत नाही. लोण चढल्यावर संपूर्ण संघाने १० सेकंदांत अंगणात यावे लागते. बाद गड्यांचा क्रम नोंदवणे आणि त्यांना ठरलेल्या जागी बसवणे, हे काम साहाय्यक गुणलेखकांचे.

७/ बाद कोण, हे ठरले नाही तर काय होते? ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना : भारत २८, इराण २८. अखेरच्या क्षणांत पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागून इराणचे चार बचावपटूही गेले.

८/ जुन्या नियमाने स्पर्शाविना राखीव क्षेत्रात जाणारे सर्वच बाद, म्हणजे भारताला ४ गुण आणि इराणला १. प्रो कबड्डीत रुळलेल्या नव्या नियमाने केवळ चढाईपटू बाद. निर्णय फिरत राहिला, खेळाडूंनी मॅटवरच ठाण मांडले आणि सामना सुमारे तासभर थांबला. अखेर जुना नियम ग्राह्य धरला गेला आणि भारताने ३३-२९ असे सुवर्णपदक जिंकले.

९/ बडोद्यापासून शंभर वर्षांनी वाद पुन्हा त्याच जागी आला होता : अंगण एक, नियम दोन. संघ कितीही बलाढ्य असोत, कोण बाद आणि कोण जिवंत हे चढाईपूर्वीच दोन्ही बाजूंना सारखे ठाऊक असावे लागते. आज जळगाव-धुळ्याच्या शालेय मैदानावर बाद होऊन रेषेबाहेर बसलेली मुलगी आपली पाळी कितवी, हे अचूक जाणते. नियम लिहून ठेवण्याचे सारे प्रयोजन तिच्या त्या खात्रीत आहे.