प्री-व्हेट क्लब

प्री-व्हेट क्लब : अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये पशुवैद्य होऊ इच्छिणाऱ्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी चालवलेली मंडळे. प्रवेशाची माहिती देणे, प्राण्यांसोबत प्रत्यक्ष काम करण्याची संधी मिळवून देणे आणि पेशाची खरी ओळख घडवणे ही त्यांची मुख्य कामे. कॉर्नेल, टेक्सस ए अँड एम, पर्ड्यू यांसारख्या पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या विद्यापीठांत असे क्लब आहेतच. असे महाविद्यालय नसलेल्या लहान संस्थांतही ते आढळतात. ‘अमेरिकन प्री-व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशन’ ही त्यांची राष्ट्रीय संघटना असून तिचे संमेलन पशुवैद्यक महाविद्यालयांच्या यजमानपदाखाली भरते.

पार्श्वभूमी : अमेरिकेत पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम साधारणपणे चार वर्षांचा असून बहुतेक विद्यार्थी पहिली पदवी घेऊनच त्याकडे वळतात. ‘प्री-व्हेट’ हा बहुतेक ठिकाणी पदवीचा स्वतंत्र विषय नसतो. जीवशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र असे ठरलेले विषय पूर्ण केले, की मुख्य विषय पशुविज्ञान असो वा इतिहास, अर्ज करता येतो. बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज एकाच सामाईक सेवेमार्फत भरले जातात. त्यात गुणांबरोबर अनुभवाचे तासही नोंदवावे लागतात : पशुवैद्याच्या देखरेखीखालचे काम एका रकान्यात, गोठा, तबेला किंवा प्राण्यांच्या निवाऱ्यातले काम दुसऱ्या रकान्यात आणि संशोधन तिसऱ्यात. अनेक महाविद्यालये किमान एक शिफारसपत्र पशुवैद्याचेच मागतात. हे तास आणि पशुवैद्याशी ओळख वर्गात बसून मिळत नाही. क्लबची गरज इथूनच सुरू होते.

रचना व उपक्रम : अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार हे विद्यार्थ्यांमधून निवडले जातात आणि एक प्राध्यापक सल्लागार असतो. खर्च वर्गणी, विद्यार्थी परिषदेचे अनुदान आणि टी-शर्ट किंवा खाद्यपदार्थ विकून उभ्या केलेल्या निधीतून भागतो. सभांना दवाखाना चालवणारे पशुवैद्य, प्राणिसंग्रहालयातले तज्ज्ञ, मांस तपासणी खात्यातले अधिकारी, सैन्याच्या पशुवैद्यक दलातले डॉक्टर येतात. प्रवेश अधिकारी अर्ज कसा वाचला जातो हे समजावून सांगतात. जुने सभासद नव्यांची मुलाखतीची तालीम घेतात आणि त्यांचे निबंध तपासतात.

सर्वांत जास्त गर्दी होते ती प्रात्यक्षिकांना. केळ्याच्या सालीवर किंवा डुकराच्या पायावर टाके घालणे, सूक्ष्मदर्शकाखाली कृमींची अंडी ओळखणे, घोड्याच्या पायाला पट्टी बांधणे असे धडे त्यांत असतात. काही विद्यापीठांत संशोधनासाठी गाईच्या कुशीत कायमचे झाकणबंद छिद्र केलेले असते. त्यातून हात घालून तिच्या पहिल्या पोटात चारा कसा आंबतो, हे विद्यार्थी स्वतः अनुभवतात.

विद्यार्थ्यांचे अनुभव : पहिल्या वर्षी येणाऱ्यांपैकी अनेकांची प्राण्यांशी ओळख घरातल्या कुत्र्या-मांजरापुरती असते. गाय दावणीला धरणे, मेंढ्या विताना रात्रपाळीने गोठ्यात थांबणे, नुकत्याच जन्मलेल्या कोकराचे नाक साफ करणे, यांतून त्यांची कल्पना बदलते. लहान प्राण्यांचा दवाखाना डोळ्यांसमोर ठेवून आलेली मुले पुढे दुभती जनावरे, वन्यजीव किंवा सार्वजनिक आरोग्याकडे वळतात. पशुवैद्याचे काम रोगनिदानाइतकेच मालकाशी बोलण्याचेही असते, हे दवाखान्यात सोबत उभे राहिल्यावरच उमगते. उपचार शक्य असतात, पण मालकाकडे पैसे नसतात. दुखणे असाध्य असते आणि प्राण्याला वेदनारहित मृत्यू देण्याचा निर्णय घ्यावा लागतो. या प्रसंगांबद्दल आपल्यासारख्याच वाटेवरच्या मुलांशी बोलता येणे, हा क्लबचा मोठा आधार.

सामाजिक कामातूनही हीच समज वाढते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील विद्यार्थ्यांनी 1992 मध्ये सॅक्रामेंटोत सुरू केलेले मर्सर क्लिनिक बेघर माणसांच्या प्राण्यांवर उपचार करते. अशा ठिकाणी काम करताना, घर नसलेल्या माणसासाठी त्याचा कुत्रा काय असतो, हे समजते.

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या टप्प्यावर किंवा शैक्षणिक कर्जाचा आकडा समजल्यावर काही जण ही वाट सोडतात. याला क्लबचे अपयश म्हणणे चूक ठरेल. चार वर्षांचा महागडा अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच विचारपूर्वक घेतलेला नकार विद्यार्थ्याच्या हिताचा असतो, आणि तसा नकार देण्याइतकी माहिती पुरवणे हेही क्लबचेच काम आहे.

मर्यादा : अनुभवाच्या तासांची स्पर्धा लागली की क्लब शिकण्याऐवजी तास मोजण्याचे ठिकाण होतो आणि सभासद एकमेकांच्या आकड्यांनी धास्तावतात. दुसरी अडचण पैशाची. बरेच काम बिनपगारी असते आणि ते करायला मोटार व मोकळा वेळ लागतो. नोकरी करून शिकणाऱ्याकडे दोन्ही नसतात. घरात कोणी पशुवैद्य किंवा शेतकरी नसलेल्या विद्यार्थ्याला क्लबची गरज सर्वाधिक असते, म्हणून एकत्र प्रवासाची सोय, वर्गणीत सवलत आणि पगारी कामांची माहिती देणारा क्लब आपले काम खऱ्या अर्थाने करतो. अमेरिकेतील पशुवैद्यक विद्यार्थ्यांत सुमारे 80 टक्के मुली आहेत. मात्र वंश आणि आर्थिक स्तर यांबाबत हा पेशा अजून पुरेसा सर्वसमावेशक झालेला नाही.

महाराष्ट्राचा संदर्भ : महाराष्ट्रात बारावीनंतर ‘नीट’च्या गुणांवर थेट बीव्हीएस्सी अँड एएच या साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. 1886 मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील महाविद्यालये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत आहेत. इथे ‘प्री-व्हेट’ असा टप्पाच नाही, त्यामुळे असे क्लब रुजायला जागा नव्हती. पण त्याच कारणाने सतरा-अठराव्या वर्षी, गोठ्यात किंवा दवाखान्यात एक दिवसही न घालवता ही शाखा निवडण्याची वेळ येऊ शकते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अकरावी-बारावीच्या मुलांना काही दिवस डॉक्टरांसोबत राहू दिले, तर क्लबचा सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे निवडीआधीची ओळख, इथेही सहज साधेल.