प्रवराकांठचा पुढारी

पुढारी म्हटला कीं सभेंतील उंच आसन, गळ्यांतील हार आणि खणखणीत आवाज डोळ्यांपुढें उभे राहतात. नगर जिल्ह्यांतील लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील या चित्रांत बसत नाहींत. त्यांचें शिक्षण मराठी चौथीपलीकडे गेलें नव्हतें. आणि ज्या कार्यामुळें त्यांचें नांव झालें, त्या कार्यांत पहिलीं सुमारें दहा वर्षें ते अध्यक्ष नव्हते, उपाध्यक्ष होते.

प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि ज्या रानांत बाजरीदेखील पावसाच्या मर्जीवर पिके तेथें पाटाच्या पाण्यावर ऊंस डोलूं लागला. परंतु पाणी आलें म्हणजे पैसा आला, असें होत नाहीं. गुळाचा भाव पडला कीं बागायतदारानें सावकाराचा उंबरठा झिजवावा, हें ठरलेलेंच. १९३२ सालीं साखरेच्या धंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें आणि खासगी कारखाने भराभर वाढले. या भागांतहि कंपन्यांनीं शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानें घेऊन ऊंस लावला. जमिनीच्या धन्याला खंड मिळे. साखरेचा नफा दुसरीकडे जाई.

विठ्ठलरावांनीं १९२३ सालींच लोणींत सहकारी पतसंस्था उभी करण्यांत पुढाकार घेतला होता. म्हणजे कारखान्याची कल्पना निघाली तेव्हां लोकांनीं या मनुष्याचा हिशेब वीस-बावीस वर्षें पाहिलेला होता. ही गोष्ट लहान वाटते, पण तीच मुख्य. १९४५ सालीं बेलापूर येथें दक्षिणेंतील कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. ऊंस पिकविणाऱ्यांनींच आपला कारखाना काढावा, या विचारानें तेथें मूळ धरलें. पुढें विठ्ठलराव भाग गोळा करण्यासाठीं गांवोगांव फिरले. ज्याच्या घरीं बियाण्यास पैसा नाहीं त्याच्याकडे, अजून पाया न खणलेल्या कारखान्यासाठीं रोख रक्कम मागणें, हें काम वक्तृत्वाचें नव्हे.

कारखाना उभा राहिल्यावर अध्यक्षाची खुर्ची ज्यानें पायपीट केली त्यालाच मिळावयाची, असा जगाचा रिवाज. येथें ती गाडगीळांना देण्यांत आली. बँकेशीं व सरकारशीं बोलण्यास अर्थशास्त्रज्ञ हवा, हें तर उघडच होतें. मुंबई सरकारांत तेव्हां वैकुंठभाई मेहता अर्थमंत्री होते आणि सहकारावर त्यांची निष्ठा होती. तरीहि कागद चोख असावे लागतात. परंतु दुसरेंहि एक कारण मानावें लागेल. ऊंस तोडल्यापासून जितका वेळ जाईल तितकी त्यांतील साखर घटते. म्हणून तो शक्य तों एका दिवसांत चरकांत गेला पाहिजे, आणि सर्वांचा ऊंस एकाच दिवशीं तर गाळतां येत नाहीं. मग आधीं कोणाचा? पाटलाचा कीं दोन एकरवाल्याचा? लागवडीच्या तारखेनें लावलेली पाळी एकदां भाऊबंदकीनें मोडली, कीं सहकार संपला. वजनाच्या कांट्याचेंहि तसेंच. सहकारांत प्रत्येक सभासदास एकच मत. भाग किती हें पाहिलें जात नाहीं. अशा ठिकाणीं गांवच्या कोणत्याहि तटांत नसलेला अध्यक्ष फार मोलाचा असतो. आपल्यापेक्षां अधिक जाणणारा मनुष्य शोधून त्याला आपल्या वर बसविणें, आणि स्वतः खालीं राहून शेतकऱ्यांचा विश्वास सांभाळणें, हें पुष्कळ शिकलेल्यांनाहि साधत नाहीं. गाडगीळांचेंहि कौतुक कमी नव्हे. ग्रंथांतलें अर्थशास्त्र हातीं असलेल्या विद्वानानें उंसाच्या बांधापर्यंत येणें ही त्या काळीं विरळाच गोष्ट.

१९५० च्या अखेरीस प्रवरेचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. पुढें महाराष्ट्रांत सहकारी साखर कारखान्यांची रांगच लागली. त्यांतील कित्येकांत खुर्चीसाठीं काय काय झालें, तें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

लोणीची खुर्ची गाडगीळांमागून विठ्ठलरावांकडे आली. १९६१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली; १९८० सालीं ते वारले. लोणीस ज्यांच्या हाताखालीं विठ्ठलराव उपाध्यक्ष होते, ते गाडगीळ १९६७ सालीं दिल्लीस नियोजन आयोगावर गेले. तेथें अध्यक्षपद पंतप्रधानांचें असे. गाडगीळ उपाध्यक्ष झाले.