इंग्रजी भाषेचा अभ्यास व आपले पूर्वसूरी

धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत देवालय, धर्मगुरू व भाविक जन यांचा वृत्तांत येणें योग्यच आहे. परंतु हल्लीं पारोळ्यांत कोणत्याहि घरीं गेलें असतां आईबापांच्या तोंडून जो प्रश्न हटकून ऐकूं येतो, तो इंग्रजीचा. मुलाला व्याकरणाचे नियम पाठ असतात, शब्दांच्या याद्या पाठ असतात, आणि चार वाक्यें बोलण्याची वेळ आली म्हणजे जीभ टाळ्यास चिकटते. परभाषा शिकावी कशी, हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. आपल्या भागांत तो ज्यांनीं फार पूर्वीं हातीं घेतला त्यांत कॅथॉलिक धर्मगुरू होते, ही गोष्ट आपल्याच माणसांस फारशी ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला हरि सदाशिव दामोदर यांनीं 1727 सालीं बांधला, तेव्हां कारभाराचे कागद मोडींत लिहिले जात. 1818 सालीं पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांच्या हातीं गेला, आणि कचेरीच्या दारानें इंग्रजी भाषा या मुलखांत शिरली. परंतु त्याच्याहि जवळजवळ दोनशें चाळीस वर्षें आधीं एक इंग्रज मनुष्य आपल्याकडे येऊन आपलीच भाषा शिकत बसला होता.

ते फादर थॉमस स्टीफन्स. येशूसंघाचे हे धर्मबंधु 1579 च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले, तेथेंच त्यांस गुरुदीक्षा मिळाली, आणि पुढील सारें आयुष्य त्यांनीं बहुतेक साष्टीच्या खेड्यांत घालविलें. लोकांची बोली कोंकणी, आणि ग्रंथांची भाषा मराठी. त्यांनीं दोन्ही आत्मसात केल्या. कोंकणीचें व्याकरण त्यांनीं पोर्तुगीज भाषेंत लिहिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 सालीं, रायतूर येथें छापून निघालें. त्यांचें ख्रिस्तपुराण मात्र ते हयात असतांना 1616 सालींच प्रसिद्ध झालें. सुमारें अकरा हजार ओंव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला, कारण देवनागरीचे खिळे छापखान्यांत नव्हते. देवनागरींत तो छापून येण्यास 1956 साल उजाडलें. जन्मभाषा इंग्रजी, व्याकरण लिहिलें पोर्तुगीजांत, आणि काव्य रचलें मराठींत! नुसते नियम घोकून ओंवी साधत नाहीं; आणि नियमांकडे पाठ फिरवूनहि साधत नाहीं. स्टीफन्स यांच्या हातीं दोन्ही ग्रंथ होते, म्हणून मला ते भाषाशिक्षकांचे आद्य गुरु वाटतात.

पुढें 1778 सालीं रोम येथें मराठीचें एक व्याकरण पोर्तुगीज भाषेंत छापलें गेलें, आणि 1805 सालीं विल्यम केरी यांनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें इंग्रजींतून दुसरें छापलें. म्हणजे आपल्या भाषेचीं हीं पहिलीं व्याकरणें परक्यांनीं परक्यांसाठीं केलीं. आपल्या माणसानें आपल्या मुलांसाठीं केलेलें गाजलेलें व्याकरण म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें, 1836 सालचें. दादोबांनीं त्यासाठीं सांचा घेतला तो इंग्रजी व्याकरणाचा. त्यावर पुढील पंडितांनीं पुष्कळ वाद घातला, आणि 1911 सालीं मोरो केशव दामले यांनीं आपल्या मोठ्या ग्रंथांत त्याची झडती घेतली; पण शिकणाऱ्याच्या दृष्टीनें त्यांत एक सोय झाली. इंग्रजींतल्या पदार्थाला मराठी शाळेंत आधींच नांव मिळून गेलें होतें. नाम, सर्वनाम, क्रियापद हीं ज्याला मराठींत ओळखतां आलीं, त्याला इंग्रजींत तीं निराळीं शिकावीं लागत नसत. याच पायावर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उभी राहिली, आणि ती पुढें ठेवून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिची रीत साधी: थोडे शब्द, एक नियम, मग मराठी वाक्यांचें इंग्रजी व इंग्रजी वाक्यांचें मराठी. शब्द सुटा पाठ करावयाचा नाहीं, तो वाक्यांत बसवावयाचा. कोशांचें कामहि त्याच सुमारास झालें. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश 1831 सालीं निघाला, व मेजर कँडी यांच्यासह केलेला इंग्रजी–मराठी कोश 1847 सालीं. याच कँडीसाहेबांनीं मराठींत विरामचिन्हें रुळविलीं. तेव्हां इंग्रजीस परकी म्हणून नाक मुरडणाऱ्या लेखकाच्या वाक्यांतला स्वल्पविरामसुद्धां तिकडूनच आलेला असतो!

आतां कॅथॉलिक शाळांकडे वळूं. मुंबईचें सेंट झेविअर्स कॉलेज 1869 सालीं सुरू झालें तें जर्मन येशूसंघीयांच्या हातून. या मंडळींची मातृभाषा इंग्रजी नव्हती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. जी भाषा त्यांनीं स्वतः मेहनतीनें कमावली होती, तीच ते शिकवीत होते. त्यांच्याच संघाचे जे धर्मगुरू अहमदनगर जिल्ह्यांतील खेड्यांत गेले, त्यांस मराठीहि कमवावी लागली. केंदळ येथून 1903 सालीं ‘निरोप्या’ मासिक काढणारे फादर हेन्री डोरिंग हे जर्मनच. स्वतः दुसऱ्याची भाषा शिकलेला मास्तर मुलाची अडचण ओळखतो, असें माझें मत आहे. पहिल्या महायुद्धांत सरकारनें जर्मन धर्मगुरूंस येथून घालवून दिलें, त्यानें आपल्या शाळांचें किती नुकसान झालें याचा हिशेब कोणीं मांडलेला नाहीं.

पाठांतराचा दुसरा एक धडा आपल्याच देवालयांत मिळतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 1963 सालीं लोकभाषेंतील उपासनेस वाट करून दिली, तोंपर्यंत मिस्सा लॅटिनमध्यें होत असे. सेवा करणारीं मुलें लॅटिन उत्तरें घडाघडा म्हणत. त्यांत भक्ति होती, उच्चारहि बरा असे, पण एवढ्यानें त्यांस लॅटिन येत होती असें कोणी म्हणणार नाहीं. मिस्सा मराठींत सुरू झाली, आणि शब्दांचा अर्थ घरोघर पोंचला. आज इंग्रजी शाळेंतून आलेलें मूल कविता धडधड म्हणून दाखवितें, तेव्हां मला त्या लॅटिन उत्तरांची आठवण होते.

मराठी मुलास इंग्रजी अडते तरी कोठें? मराठींत ‘रामानें रावणास मारलें’ हें वाक्य कसेंहि फिरविलें तरी मारणारा रामच राहतो, कारण विभक्तीचा प्रत्यय शब्दाच्या अंगालाच चिकटलेला असतो. इंग्रजींत नामाला असा प्रत्यय नाहीं. तेथें जागा हाच प्रत्यय, आणि शब्दांची अदलाबदल केली कीं रावण रामाला मारतो. ‘मीं आंबा खाल्ला, मीं पोळी खाल्ली’ येथें आपलें क्रियापद कर्माच्या मागें जातें. इंग्रजींत तें कर्माकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. आणि ‘अ’ व ‘द’ हीं इवलीशीं उपपदें तर आपल्याकडे नाहींतच, म्हणून पदवीधरहि तेथें अडखळतो. या तीन गोष्टी मराठीशेजारीं मराठी ठेवून, इंग्रजीशेजारीं इंग्रजी ठेवून दाखविल्या तर आठवड्याच्या आंत मुलाच्या ध्यानांत येतात. पण त्यासाठीं मुलाला मराठी वाक्य उलगडतां आलें पाहिजे, आणि तेंच आतां सुटत चाललें आहे. स्वातंत्र्यानंतर कांहीं काळ मुंबई राज्यांत इंग्रजी आठव्या इयत्तेपासून होती. महाराष्ट्रांत 2000 सालापासून ती पहिलीपासून आली. लवकर आरंभ करण्यास माझा विरोध नाहीं. विरोध आहे तो मराठी वहीचीं पानें कोरीं ठेवण्याला.

पारोळ्याच्या मुलाची पायरी तर आणखी एक खालून सुरू होते. घरीं तो अहिराणींत ‘मना भाऊ’ म्हणतो, शाळेंत ‘माझा भाऊ’, आणि इंग्रजीच्या तासाला ‘माय ब्रदर’. त्याला ‘मना’ चुकीचें म्हणून गप्प बसविणें हा शुद्ध अन्याय आहे. तीन भाषांची तुलना करण्याची सामग्री त्याच्या जिभेवर आयती आहे. ग्रिअर्सनसाहेबांच्या देखरेखीखालीं झालेल्या हिंदुस्थानच्या भाषापाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग 1907 सालीं निघाला, त्यांत भिल्ली भाषांबरोबर खानदेशीचें, म्हणजे अहिराणीचेंहि, व्याकरण इंग्रजींत मांडलेलें आहे. आपल्या आजीच्या बोलीबद्दल परक्या पंडितानें काय लिहिलें आणि कोठें तो चुकला, हें त्या मुलानें एके दिवशीं स्वतः वाचून पाहावें.