‘काटक’ म्हणजे नेमकं काय? एल्डरबेरी आणि थंडीचे नकाशे

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपण ‘थंडी सोसण्याची क्षमता’, ‘दुष्काळाला तोंड देण्याची ताकद’ असले शब्द सहज लिहून टाकतो. मग मुलाखतीत कोणीतरी विचारतं, ‘हे मोजणार कसं?’ आणि आपण गप्प. या प्रश्नाचं वजन किती असतं हे समजून घ्यायला एका झुडपाचा इतिहास बघू.

झुडूप आहे एल्डरबेरी. हॅरी पॉटर वाचलेल्यांना ‘एल्डर वाँड’ आठवेल, ती कांडी याच लाकडाची. पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ, नंतर काळपट जांभळ्या फळांचे घोस. फळं शिजवून सिरप, जॅम, वाइन करतात. (पानं, देठ आणि कच्ची फळं खायची नाहीत, त्यांत सायनाइड सोडणारी संयुगं असतात.) लिनियसने १७५३ मध्ये युरोपातल्या झाडाला साम्बुकस नायग्रा आणि उत्तर अमेरिकेतल्याला साम्बुकस कॅनाडेन्सिस अशी वेगवेगळी नावं दिली. काही वनस्पतिशास्त्रज्ञ आता दुसरीला पहिलीचीच उपजाती मानतात. नावाचा वाद त्यांच्याकडे ठेवू. थंड प्रदेशातल्या बागेत मात्र एक फरक फार महत्त्वाचा ठरतो. युरोपीय झाड मुख्यतः आदल्या वर्षीच्या किंवा त्याहून जुन्या फांद्यांच्या आधाराने फळतं. अमेरिकन झुडूप त्याच वर्षी जमिनीतून फुटलेल्या नव्या फांदीवरही फुलतं आणि फळतं. उसाचा खोडवा डोळ्यांसमोर आणा: वरचं सगळं गेलं तरी बुंध्यातून पीक परत येतं.

आता इतिहास. सुरुवात प्रयोगशाळेत झालेली नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने रानातली चांगली झुडपं निवडली आणि त्यातली ‘अ‍ॅडम्स’ नावाने ओळखली जाणारी दोन १९२६ मध्ये जिनिव्हा इथल्या कृषी प्रयोग केंद्राकडे आली. (हे जिनिव्हा न्यूयॉर्क राज्यातलं बरं का, स्वित्झर्लंडचं नाही.) पुढे कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या केंटव्हिल केंद्राने अ‍ॅडम्सच्या बियांपासून रोपं वाढवून निवड केली. १९५० च्या दशकाच्या अखेरीला ‘नोव्हा’, ‘स्कोशिया’, ‘केंट’ असे वाण बाहेर पडले. १९६४ चा जिनिव्हाचा ‘यॉर्क’ हाही अ‍ॅडम्सच्याच संकरातून आलेला. म्हणजे बागांमधल्या प्रसिद्ध वाणांपैकी बरेचसे एकाच घराण्यातले! आणि हे घराणं ईशान्येकडच्या थंड पट्ट्यातलं.

याच काळात दुसरीकडे नकाशे तयार होत होते. १९६० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाचे पट्टे पाडले. निकष एकच: दरवर्षीच्या सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाची सरासरी. प्रत्येक पट्टा १० अंश फॅरेनहाइटचा. चौथ्या पट्ट्यात हा आकडा उणे ३४ ते उणे २९ सेल्सिअसच्या आसपास येतो. रोपवाटिकांना हे फारच सोयीचं पडलं. रोपाच्या चिठ्ठीवर एक आकडा छापला की काम झालं.

पण हा आकडा नेमकं काय सांगतो? इतक्या थंडीत झाड टिकेल का, एवढंच. आपल्या झुडपाला तो लावून बघा. कडक हिवाळ्यात फांद्या जमिनीपर्यंत मेल्या, वसंतात खालून नवे फुटवे आले. झाड टिकलं का? टिकलं. फळ मिळेल का? युरोपीय झाडाला त्या वर्षी जवळजवळ नाही. अमेरिकनला मिळेल, पण नव्या फांदीवरची फळं उशिरा पिकतात. म्हणजे प्रश्न जानेवारीतल्या रात्रीचा राहिलाच नाही, तो सप्टेंबरचा झाला: पहिलं धुकट दंव पडायच्या आत घोस पिकतात का? केंटव्हिलच्या काही वाणांचं खरं मोल मला इथे दिसतं. ते अ‍ॅडम्सच्या आधी पिकतात. नुसतं तगून राहणं त्यांच्या मूळ झाडालाही जमत होतं.

कॅनडातल्या उएले आणि शर्क या दोघांनी १९६७ मध्ये वेगळी वाट धरली. वेगवेगळ्या ठिकाणी झाडंझुडपं प्रत्यक्षात कशी जगली याच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि त्यांवरून सात हवामान घटकांचं सूत्र बसवलं. त्यात हिवाळ्यातलं किमान तापमान आहेच, शिवाय दंवमुक्त दिवसांची संख्या, बर्फाची जाडी, उन्हाळ्यातला पाऊस, वाराही आहे. बर्फाची जाडी का, असं वाटेल. बर्फ गोधडीसारखा काम करतो. वरच्या हवेत उणे तीस असताना बर्फाखालचा बुंधा त्यापेक्षा बराच उबदार असतो. बुंध्यातून परत येणाऱ्या झुडपासाठी हा घटक सोडून कसं चालेल? तरीही एका आकड्याचा नकाशाच जास्त चालला, कारण तो समजायला सोपा. सोयीचं माप बऱ्याचदा असंच जिंकतं.

नव्या फांदीवर फळण्याच्या गुणाकडे पद्धतशीर लक्ष गेलं ते मिसुरीत, तेही खूप उशिरा. तिथल्या संशोधकांनी रानातून पुन्हा नव्याने झुडपं गोळा केली. ओक्लाहोमात १९९५ मध्ये सापडलेला ‘वाइल्डवुड’ २०१० मध्ये प्रसारित झाला, पाठोपाठ मिसुरीतला ‘बॉब गॉर्डन’. हिवाळ्यात झुडूप मुद्दाम जमिनीलगत कापायचं आणि त्या वर्षीच्या फांद्यांवर पीक घ्यायचं, असे प्रयोग त्यांनी केले. सगळे वाण याला सारखा प्रतिसाद देत नाहीत. ऑरेगन आणि मिसुरी अशा दोन्हीकडे लावून बघितल्यावर वाणांचा क्रमही बदलला. म्हणून ‘सर्वोत्तम वाण कोणता’ या प्रश्नाला ठिकाण जोडल्याशिवाय अर्थ नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेचा नकाशा पुन्हा बदलला आणि जवळपास निम्मा देश अर्ध्या पट्ट्याने उबदार दाखवला गेला. निकष मात्र तोच, सर्वांत थंड रात्रीचा.

आपल्याकडे या कुळातलं कोणी नाही असं समजू नका. काश्मीरच्या डोंगरउतारांवर साम्बुकस वाइटियाना उगवते. तिची खोडं लाकडी नसतात. दर हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि वसंतात ती जमिनीतून पुन्हा येते. तिची थंडी सोसण्याची क्षमता तुम्ही कशावरून मोजाल?