परतीचा बाण

इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर जगाचा नकाशा काढतो आणि युरोपातून निघणारे बाण दाखवतो. जहाजे, सैनिक, मिशनरी. सगळे बाण बाहेरच जातात. एके वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, परत काय आलं?" मी सवयीने म्हणालो, "सोनं आणि चांदी." ते उत्तर किती अपुरे होते, हे पुढे वाचनातून कळले. परत चित्रेही आली, आणि तीही धार्मिक!

१५२१ साली स्पॅनिशांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली. तेथील रहिवाशांना माणसासारखी बुद्धी आहे की नाही, याचाच मग वाद सुरू झाला. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी निर्णय दिला की ती खरी माणसेच आहेत, त्यांना गुलाम करू नये. पुढे दोनच वर्षांनी, १५३९ मध्ये, मेक्सिको शहरात या पोपसाठी एक चित्र तयार झाले. मिस्सा अर्पण करताना संत ग्रेगरींना झालेले ख्रिस्तदर्शन हा त्याचा विषय. विषय युरोपचा, पण चित्र घडले ते लाकडी फळीवर चिकटवलेल्या रंगीत पिसांतून. ही कला त्या भूमीची, स्पॅनिश येण्याआधीची होय.

चित्राच्या कडेने लॅटिन मजकूर आहे. त्यात पोपचे नाव आहे, देखरेख करणारे फ्रान्सिस्कन साधू पेद्रो दे गांते यांचे आहे, स्थानिक गव्हर्नर दिएगो यांचेही आहे. पिसे चिकटवणाऱ्या कारागिरांचे मात्र नाही. आज हे चित्र फ्रान्समधील ओश येथील संग्रहालयात आहे.

पुढे कॅनव्हासवरील चित्रांचा ओघ सुरू झाला. व्हेराक्रूझ, हवाना आणि मग सेव्हिल किंवा काडिझ, असा तो जलमार्ग. मायदेशी परतणारे अधिकारी, धर्मगुरू आणि व्यापारी ग्वादालुपे मातेची चित्रे आपल्या गावच्या चर्चला अर्पण करीत. काही प्रतींवर 'मूळ चित्राला स्पर्श केलेली' असे लिहिलेले असे. देवाच्या पायाला लावून आणलेला गंडा आपण जपतो, त्यातलाच हा भाव. मिगेल काब्रेरा या मेक्सिकोच्या चित्रकाराने केलेली प्रत थेट रोमला पोचली, पोप चौदावे बेनेडिक्ट यांना दाखवली गेली, आणि १७५४ साली त्यांनी ग्वादालुपे मातेला न्यू स्पेनची आश्रयदात्री म्हणून मान्यता दिली.

स्पेनमध्ये ही चित्रे इतकी मुरली, की ती आली कुठून याचा अनेकांना विसर पडला. २०२१ साली माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने अशा कलाकृतींचे प्रदर्शन भरवले. नाव दिले 'तोर्नाविआहे', म्हणजे परतीचा प्रवास.

ती मुलगी केव्हाच शाळा सोडून गेली. मी मात्र आता दरवर्षी एक बाण उलटा काढतो, आणि नाव न उरलेल्या त्या कारागिरांची गोष्ट सांगितल्यावाचून धडा संपवत नाही.