वणीचा कोळसा आणि बालपणीची हवा

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेस, वर्धा नदीच्या काठी, वणी तालुका आहे. इंग्रजी अमदानीत या गावावरून सर्व जिल्ह्यासच ‘वून’ म्हणत. १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. येथील कोळशाची शास्त्रीय नोंदही जुनी आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील ह्यूज यांचा ग्रंथ १८७७ साली प्रसिद्ध केला. पुढे १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली, आणि उकणी, निलजई, मुंगोली ही गावे उघड्या खाणींची गावे बनली.

या खाणींच्या धुळीचा विचार कायद्याने केला तो कामगारापुरता. कोळशाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार हा भरपाईस पात्र असा व्यवसायजन्य रोग ठरला. १९५२ च्या खाण अधिनियमाने मुलांना खाणीत कामास ठेवण्यास बंदी केली आणि स्त्रियांना भूमिगत कामापासून दूर ठेविले. हे संरक्षण मोलाचे होते, यात शंका नाही. तथापि फाटक मुलास अडविते, हवेस अडवीत नाही. सुरुंगाची व कोळशाच्या ट्रकांची धूळ घरापर्यंत पोहोचते. गर्भवती स्त्री व तान्हे मूल मात्र हजेरीपटावर नसल्यामुळे भरपाईच्या विचारातही आले नाहीत.

ही उणीव किती गंभीर आहे, हे अलीकडील संशोधनावरून ध्यानात येते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१–९२ च्या सुमारास जन्मलेल्या ९,०६५ व्यक्तींच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. गर्भावस्थेत हवेतील अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरमागे अवघे ०.७२ मायक्रोग्रॅमने अधिक असता, पुढे पौगंडावस्थेत व तारुण्यात भास-भ्रमासारख्या अनुभवांची शक्यता सुमारे ११ टक्क्यांनी, तर नैराश्याची सुमारे १० टक्क्यांनी अधिक आढळली. भारताने २००९ साली या कणांची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम ठरविली, हे लक्षात घेता ०.७२ हा आकडा किती लहान आहे ते कळते.

येथे सावधगिरी अवश्य आहे. वरील निष्कर्ष सहसंबंध दाखवितो. तेवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय वणीच्या घरांत चुलीचा धूरही आहे आणि दारिद्र्यही आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्याच्या मनोव्यथेची चर्चा देशभर झाली. तिचे मूळ कर्जात व नापिकीत शोधण्याऐवजी धुळीत शोधणे हा विपर्यास होईल.

परंतु इतिहासकारास एक मार्ग मोकळा आहे. प्रत्येक खाण निराळ्या वर्षी सुरू झाली. त्या वर्षांशी गावोगावच्या जन्मनोंदी व शाळांचे दाखले ताडून पाहिल्यास, खाणीपूर्वी जन्मलेली पिढी आणि खाणीनंतरची पिढी वेगळी काढता येते, आणि त्या दोन पिढ्यांच्या मानसिक आरोग्याची तुलना शक्य होते. वणीच्या कोळशाचा इतिहास आजवर टनांत मोजला गेला. तो पाळण्यापासून मोजण्यास आरंभ झाल्यावाचून त्या कोळशाची खरी किंमत कळणार नाही.